दोन थेंबांमधली गोष्ट

६ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून तळमजल्यावरच्या चांगुणाकाकींच्या डोळ्यात औषध घालायची ड्यूटी माझी. शुक्रवारी मोतीबिंदू काढला. सकाळचं आणि रात्रीचं त्यांची सून घालते, दिवसभर ती ठाण्याला ऑफिसात. मधल्या दोन वेळा माझ्या, कारण मी 'घरीच असते'. घरीच असते म्हणजे मशीनवर असते. दिवाळीच्या ब्लाउजांचा ढीग दिवाणावर चढून बसलाय, माणसांना टेकायला जागा नाही. पण सुनेने फार गोड विचारलं आणि मला नाही म्हणता येत नाही. जुना रोग.

दोन बाटल्या. पांढऱ्या झाकणाची आधी, हलवून. मग पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं. मग गुलाबी झाकणाची. काकींना ती पाच मिनिटं म्हणजे शिक्षा. "मना आंधली करून ठेवलंस गो." मी म्हटलं, पाच मिनिटं गप्प पडलात तर बिल्डिंग कोसळणार नाही. म्हणाल्या, माजीच हाय, कोसलली तं कोसलली. खरंच आहे ते. आम्ही राहतो तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. बिल्डरने बदल्यात तळमजला दिला आणि वर काही फ्लॅट. अजून आमच्या स्वयंपाकघराला त्या 'वरचा बांध' म्हणतात.

कोजागिरी. प्रकाश आणि ईशा, बापलेकींना गच्चीवर पाठवलं, दूध प्यायला. मी नाही गेले. ये म्हणून कोणी आग्रहही केला नाही.

आईचा फोन, कोपरीहून. "त्या दिवशी सकाळी तो चहा प्यायला, कपबशी स्वतः विसळली..." झालं सुरू. मी म्हटलं, आई, बीपीची गोळी घेतलीस का. घेतली म्हणाली. ठेवला.

८ ऑक्टो., बुध.

काकी कंटाळल्या. म्हणाल्या, गोष्ट सांगली असती तुला, पन दिसाची सांगत नाय. का? "मामा वाट चुकतो."

दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, हे आमच्याकडेही म्हणायचे. ईशा लहान असताना माझा धाकटा भाऊ विनय भरदुपारी मुद्दाम तिच्या मागे लागायचा, गोष्ट सांग, गोष्ट सांग, आणि मग "ताईडे, मी वाट चुकलो गं" म्हणत थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरून लाडवांचा डबा उघडायचा. चाळिशीला आला तरी हेच.

काकी बोलून गेल्या आणि जीभ चावली त्यांनी. डोळे मिटलेले, त्यामुळे तोंडावर काय ते कळेना. मग म्हणाल्या, "तुजे पोरीचा मामा तं गेला. आता दिसाची सांगली तरी चालंल."

फेब्रुवारीपासून असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. सगळे माझ्याशी आवाज खाली करून बोलतात, आणि पाठीमागे 'माधुरी फार खंबीर आहे हो'. मला राग यायला हवा होता. नाही आला. बरं वाटलं, खरं सांगते.

अट एकच. हुंकार द्यायचा. गोष्ट सांगणारा थांबला की ऐकणाऱ्याने हूं म्हणायचं. "हुंकार मोडला का गोष्ट मोडली. मंग पयल्यापासून." काकी पूर्वी धवलारीण होत्या, आगऱ्यांच्या लग्नात धवले गायला लांबलांबून बोलावणं यायचं. आता डीजे येतो. गोष्टीला हुंकार काका द्यायचे. काका गेले आणि गोष्ट बंद. सुनेला वेळ नाही, मुलगा झोपतो. "टीवी हुंकार देत नाय."

उद्यापासून म्हणाल्या. आज गुलाबी झाकणाची वेळ टळून गेली होती.

९ ऑक्टो., गुरु.

ऐकलं. अर्धं बोलून, अर्धं गाऊन सांगतात. काही शब्द मला कळत नाहीत, पण चाल अशी की मध्येच उठून जाता येत नाही.

खाडीच्या काठी भाऊ आणि बहीण. आई नाही, बाप नाही. बहिणीला नावसुद्धा नाही, भावाची भन, बस. भाऊ होडी घेऊन पैलतीरी जातो, तिच्यासाठी हिरवी चोळी आणायला. मी म्हटलं, माप घेतलं होतं का? काकी भडकल्या. "हुंकार दे, शिंपीनपना नको करू."

मग हूं, हूं करत राहिले. सोपं होतं. मग हे आलं, कानाला ऐकू आलं तसं लिहितेय:

आली गो भरती, सरली गो ओटी,
भावाची होरी लागली काठी.
होरीन नाय भाऊ, होरीन पानी,
काठावं उभी भन, तोंडान नाय वानी.

काकी थांबल्या. मी हूं म्हणायचं होतं. नाही म्हटलं. म्हणजे म्हणायला गेले, पण घशात काही हललंच नाही. काकी थांबून राहिल्या. भिंतीवरचं घड्याळ, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली, सगळं ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, "मोडली."

गुलाबी झाकण लावून वर आले. सिंथेटिक अस्तर उलटं लावलं, उसवलं.

११ ऑक्टो., शनि.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा भाऊ, पुन्हा चोळी, पुन्हा होडी काठाला लागली आणि पुन्हा मी मुकी. काल पण हेच झालं, लिहायचा कंटाळा केला.

वैताग म्हणजे, गोष्ट पोरकट आहे. हे मला कळतं. होडीत भाऊ नाही, पाणी आहे, एवढंच तर म्हणायचंय, आणि मी म्हणायचंय हूं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर 'वुई आर सॉरी' म्हणाले तेव्हा मीच पुढे होते. सह्या मी केल्या. मानसी, विनयची बायको, तास सोडून शाळेतून धावत आली तेव्हा तिला मी धरलं. आईला मी सांगितलं. भटजी, तेराव्याचं जेवण, कुणाला किती पानं, सगळं मी. तेव्हा नाही घसा बसला. आता एका म्हातारीच्या होडीपाशी बसतो.

प्र. ला सांगितलं. म्हणाला, मग नको ऐकूस. त्याचं सगळं असंच सरळ असतं. म्हटलं, डोळ्यात थेंब कोण घालणार? तो म्हणाला, थेंब घाल, गोष्ट नको ऐकूस. बरोबर आहे. पण उद्या काय होतं ते मला बघायचंय, हे त्याला नाही सांगितलं.

१३ ऑक्टो., सोम.

मोडली. काकी म्हणाल्या, काका बी असेच, गोष्टीन गाय मेली का रडत. "पन हुंकार देत रडत."

ढीग कमी होत नाही. कटोरी ब्लाउजवाली रोज फोन करते.

१५ ऑक्टो., बुध.

आज फसवलं. होडी येतेय दिसल्यावर मनात हुकं मोजायला लागले. तांबड्या ब्लाउजची, मग मोरपिशी ब्लाउजची. आणि वेळेवर हूं टाकला. काकींनी मान वळवली. "ह्यो हूं कुटला? ह्यो तं मशीनवरचा हूं हाय." पण त्यांनाही पुढे जायची घाई झालेली असणार, इतके दिवस म्हातारी त्याच काठावर अडकलीय. गेल्या पुढे.

तर ती निघते भावाला शोधायला. चालत. चिखल, तिवरं, खाडी. तिवराचं झाड विचारतं,

सांग गो बाय, तू कोनाची कोन?
भावाची भन मी, आनखी मी कोन?

तिवर म्हणतं, केस दे, मी शेंड्यावरून बघतो. ती केस देते. तिवर म्हणतं, दिसत नाय. पुढे बगळा. त्यालाही तेच उत्तर, भावाची भन मी. बगळा तिच्या अंगाचा रंग मागून घेतो आणि उडून बघून येतो, दिसत नाय. म्हणून बगळ्याकडे... नाही, बगळा पांढराच असतो की. विचारलं तर काकी म्हणाल्या, रंग घेतला पन लावला नाय, तिला परत देनार हाय म्हनून ठेवलाय. हे फार आवडलं. पंखाखाली ठेवला असेल.

वेळ संपली. पाच मिनिटांची वीस झाली होती. काकी तशाच डोळे मिटून, मी गुलाबी झाकण हातात धरून.

मधे थांबलो तर मोडली का? नाही. सांगणाऱ्याने थांबवली तर ती 'निजते'. ऐकणाऱ्याने थांबवली तर मोडते. नियम सगळे त्यांच्याच फायद्याचे.

१६ ऑक्टो., गुरु.

मीठ आलं. मिठागरात पोचते ती. अंगावर रंग नाही, डोक्यावर केस नाहीत. मीठ म्हणतं, मला तुझं काही नको. फक्त सांग,

भाऊ नाय पान्यान, भाऊ नाय रानान,
मंग भन कशी तू, सांग माजे कानान.

मोडली. हुकं आठवली नाहीत, काही आठवलं नाही. आणि घाबरून मी पांढऱ्याच झाकणाची बाटली दुसऱ्यांदा डोळ्यात ओतली. दवाखान्यात फोन केला, एकदा झालं तर चालेल म्हणाले. काकी म्हणाल्या, डबल गुन येल.

वर आले. चहा केला, प्यायले नाही. मला ताईडे म्हणणारं एकच माणूस होतं. इतरांची मी माधुरी, माधुरीताई, ईशाची आई, ब्लाउजवाल्या काकू. सगळ्या ठीक चालल्यात. ताईडे कुठे आहे ते मला माहीत नाही. आठ महिने मी तिची चौकशी केली नाही. आज मिठाने केली.

रडले का? नाही. डोळे कोरडे आहेत, माझ्याच डोळ्यात थेंब घालायची वेळ आलीय.

१८ ऑक्टो., शनि.

मानसीचा फोन. "ताई, भाऊबीजेला येणार ना? आई वाट बघतायत." दर वर्षी मी कोपरीलाच जाते ना. ओवाळते, जेवते, विनय ओवाळणीत दरवर्षी मशीनचं तेल, सुया असलं काहीतरी कागदात बांधून द्यायचा आणि खरी साडी नंतर पिशवीत घालून ठेवायचा. यंदा काय करायचं तिथे जाऊन? कुणापुढे पाट मांडायचा?

म्हटलं, बघते गं, ब्लाउजं आहेत. मानसी म्हणाली, बरं. मग पटकन म्हणाली, "ताई, आई माझ्यापाशी त्या दिवसाचं बोलत नाहीत. मी आले की गप्प होतात. तुमच्याशी फोनवर बोलतात का?"

बोलते म्हटलं. बोलते कसली. चहा, कपबशी, आणि मी गोळी विचारते.

काकींकडे होडीशीच मोडली पुन्हा. मागे गेलेय मी.

२० ऑक्टो., सोम.

नरक चतुर्दशी. आमच्याकडे फराळ नाही केला, शेजारून इतका आला की केल्यासारखंच झालं. चार घरच्या चकल्या, चारही वेगळ्या. ईशाने दारात एकच पणती लावली आणि मला विचारलं, चालेल ना? बिचारी. म्हटलं, अगं चालेल, लाव अजून. नको म्हणाली, एवढीच छान दिसतेय.

काकी काळा चष्मा लावून पायऱ्यांवर बसल्या होत्या, येणाऱ्याजाणाऱ्याला शंकरपाळे वाटत. हिरोईन दिसता म्हटलं. "होतेच मी." दुपारी गोष्ट नाही, त्यांच्याकडे पाहुणे. सुटका झाल्यासारखं वाटलं आणि मग दिवसभर चुकचुकल्यासारखं.

आईचा फोन. मी शुभेच्छा वगैरे म्हणायच्या आत, "त्या दिवशी सकाळी तो चहा प्यायला..." म्हटलं, आई, आज सणाचं नको गं. बरं म्हणाली. मग विचारलं, उटणं लावलंस का. आणि ठेवला.

२३ ऑक्टो., गुरु., भाऊबीज

नाही गेले.

नणंद दरवर्षी आमच्याकडे येते प्र. ला ओवाळायला. यंदा प्र. च म्हणाला, मी तिच्याकडे जाऊन येतो कल्याणला. बूट घालताना एवढंच म्हणाला, इथे नको. समोरच्या काकूंनी सुचवलं, भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. हो, माहितीय. आमच्या पश्चिमेला टॉवर आहे, चंद्राने बारावा मजला घेतला तरच दिसेल. असं तोडून बोलायला नको होतं, त्या चांगल्या मनाने सांगत होत्या.

प्र. परत आला. दाराबाहेरच कपाळावरचा टिळा पुसून आत आला होता. पण कुंकू कुठे एवढं पुसलं जातं, मधे लाल डाग आणि चिकटलेला अक्षतेचा अर्धा दाणा. मला कळू नये म्हणून रुमाल काढून पुन्हा घाम पुसल्यासारखं करत होता. मी तो दाणा नखाने काढला. तो तसाच उभा राहिला.

तेवढ्यात रडू येईल असं वाटलं होतं. जेवायला वाढलं.

कोपरीहून फोन नाही आला.

२४ ऑक्टो., शुक्र.

भांडण झालं काकींशी. माझंच डोकं फिरलेलं.

डॉक्टरने तपासलं, डोळा छान. सोमवारपासून औषध फक्त सकाळ-रात्र. रविवारी सून घरी असते, म्हणजे माझी ड्यूटी उद्यापर्यंत. काकी सुरू झाल्या, खाडीचे काठी भाऊ नि भन. मी म्हटलं, काकी, ते सगळं पाठ झालंय मला. चोळी, होडी, तिवर, बगळा. मिठापासून सांगा ना पुढे. दोनच तर दिवस राहिले.

त्या उठूनच बसल्या. डोळा उघडला, थेंब गालावर. "मना हौस हाय का पयल्यापासून सांगाची? माजा घसा सुकतो. तू मधीच थांबवतंस म्हनून पयल्यापासून. पुढचा माज्या पोटान हाय, तो बाहेर याचा तं पयला सगला यावा लागतो. तू येक डाव गप ऐकून घे, मंग नाय सांगनार परत."

मी म्हटलं, बरं बरं, झोपा. पुन्हा थेंब घातला, हलवून. त्या रागातच पडून राहिल्या. गोष्ट नाही सांगितली. मी पण नाही म्हटलं सांगा. गुलाबी. वर आले.

मशीनवर बसले. बाही जोडत होते. पायडल मारत होते आणि काकींचं वाक्य डोक्यात फिरत होतं, तू मधीच थांबवतंस म्हनून. बाही संपली तशी मशीन थांबली आणि मी तिथेच बसले.

आई दर वेळी चहापासून सुरू करते. मला वाटत होतं वय झालं, विसरते, तेच तेच बोलते. प्र. ला म्हटलंय मी असं, आईची टेप अडकलीय. अडकली नाहीये ती. दर वेळी कपबशीपाशी कुणीतरी थांबवतं आणि तिला पुन्हा चहापासून यावं लागतं. पुढचं तिच्या पोटात आहे.

त्या सकाळी घरात दोघंच होते, आई आणि तो. मानसी सकाळच्या शाळेत. मला दवाखान्यातून फोन आला. कपबशीनंतर काय झालं ते आईशिवाय कुणाला माहीत नाही. आम्ही कुणी विचारलेलंच नाही.

शिलाई सगळी वाकडी गेलीय. उद्या उसवेन.

२५ ऑक्टो., शनि.

शेवटचं दुपारचं औषध. काकींनी काल काही झालंच नाही असं दाखवलं. "सांगू?" म्हणाल्या. मी म्हटलं, आज नको काकी. आज माझं लक्ष कुठेतरी आहे, तुमची गोष्ट फुकट मोडेल.

त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, औषद बंद झाला म्हनून गोष्ट क्याला बंद? ये कवा पन. डोले मिटायला मना बाटली लागते का.

निघताना त्यांनी हात धरला. म्हातारीचा हात गरम, खडबडीत. म्हणाल्या, "काका गेलं तवा मी बी मुकी झालेली. लग्नाला बोलवत, मी जाय नाय. मंग येक दिस गुरांना गाली दिली, नि आवाज आला." हसल्या. मला पण हसू आलं.

प्र. ला सांगितलं, उद्या कोपरीला जाते. मी येऊ का म्हणाला. नको म्हटलं. चिवडा घेऊन जा म्हणाला. काय काय सुचतं या माणसाला. पण घेतला.

२६ ऑक्टो., रवि.

कोपरी. जिना चढताना वाटलं परत जावं. विनयच्या चपला रॅकमध्ये अजून आहेत, पुढेच. मानसीने दार उघडलं, चिवड्याची पिशवी घेतली आणि माझ्या खांद्याला डोकं टेकलं, एवढंसं. मग स्वयंपाकघरात गेली.

आई पलंगावर, खिडकीकडे तोंड करून. केवढी बारीक झालीय. ब्लाउज खांद्यावरून उतरतोय, मीच शिवलेला. 'आलीस?' म्हणाली. भाऊबीजेला का नाही आलीस, हे नाही विचारलं. मी खाली चटईवर बसले, तिच्या पायाशी. इकडचं तिकडचं झालं. ईशाचं कॉलेज, खालच्या दुकानातलं दूध.

मग मीच म्हटलं, "आई, त्या दिवशी सकाळी तो चहा प्यायला..."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी कुठून बोलतेय हे तिला कळेना बहुतेक. मग हळूच म्हणाली, "हो. चहा प्यायला."

हूं.

"कपबशी स्वतः विसळली. म्हटलं राहू दे रे, मी विसळते. म्हणाला, बस गं."

हूं.

इथे माझी गोळीची जागा. आईही थांबली, सवयीने. मी विचारणार म्हणून तिने टेबलावरच्या गोळ्यांकडे पाहिलंसुद्धा. मी तोंड मिटून बसले. तिचं पाऊल हातात धरलं, गार होतं. हूं म्हटलं पुन्हा.

तशी ती पुढे सरकली. म्हणाली, "मग तो बाहेर आला. पेपर उचलला, ठेवला. म्हणाला, आज बरं नाही वाटत. मी विचारलं, ताप आहे का, तर नाही म्हणाला. इथे पलंगावर आला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला. एवढा मोठा माणूस. म्हणाला, डोक्यावरून हात फिरव ना जरा."

हूं.

"मी फिरवला. दोनदाच. मग म्हटलं, ऊठ रे, घोडा झालायस, मांडीला रग लागली माझ्या." आईने श्वास घेतला. "तो हसला. लगेच उठला. सॉरी सॉरी म्हणाला, आणि आत गेला. तो आत गेला आणि पडला, माधुरी. मी उठवला त्याला. मांडीवर होता, मी उठवला."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मानसी दारात उभी होती, ओले हात तसेच.

आई माझ्याकडे बघत होती. हूं म्हणायला गेले, आवाज मधे फाटला, पण आला. मग मला काही दिसेना. आठ महिन्यांचं सगळं एकदम आलं, नाकातोंडातून, आणि मी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिचा हात आला माझ्या डोक्यावर. फिरत राहिला. मानसी येऊन पलंगाच्या दुसऱ्या कडेला टेकली.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "तेच तेच सांगते ना मी. कंटाळलीस?"

मी तशीच पडून म्हटलं, "नाही गं. मग?"